डिफ्यूज, विरणं आणि विसरणं

भाषांतराचं काम करते म्हणून लोक मला हा प्रश्न वरचेवर विचारतात. वायू डिफ्यूज होतो, तणाव डिफ्यूज करतात आणि बॉम्बसुद्धा डिफ्यूज करतात. एकाच क्रियापदाला इतकी कामं कशी?

क्रियापदं दोन आहेत. इंग्रजीत एकाच्या सुरुवातीला 'डीआय' आणि पुढे दोन 'एफ', दुसऱ्याच्या सुरुवातीला 'डीई' आणि 'एफ' एकच. देवनागरीत आणलं की हा फरक पुसला जातो. बॉम्बवाल्या, म्हणजे 'डीई'च्या क्रियापदाचा अर्थ फ्यूज (स्फोट घडवणारी वात) काढून टाकणं. ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झालं. त्यातला फ्यूज लॅटिनमधल्या सूत कातायच्या चातीच्या शब्दावरून आला, कारण दारू भरायची नळी चातीसारखी दिसायची. (घरातला विजेचा फ्यूज मात्र 'वितळणे'वाला. इथेही जुळ्यांचा घोळ आहेच.)

पसरण्याचं क्रियापद मात्र लॅटिन 'फुन्देरे'पासून, म्हणजे 'ओतणे'पासून आलं. डिफ्यूज म्हणजे चहूकडे ओतणं. रिफंड म्हणजे परत ओतणं, कन्फ्यूजन म्हणजे सगळं एकात ओतल्यावर होतो तो गोंधळ. तेव्हा 'त्याने तणाव डिफ्यूज केला' असं इंग्रजीत लिहिताना दोन 'एफ' घातलेत, तर त्याने तणाव घरभर पसरवला असा अर्थ निघेल. पसरला की तणाव पातळ होतोच, असा बचाव काही जण करतात. मला तो पटत नाही.

आता मराठीत काय म्हणायचं? हात आपोआप 'पसरणे'कडे जातो, आणि व्याकरणाच्या दृष्टीने ते सोयीचंही आहे. धूर पसरतो आणि आपण चादरही पसरतो. डिफ्यूजही असंच दोन्हीकडे चालतं. पण पक्षी पंख पसरतो, ते डिफ्यूज करत नाही. पंख पसरले तरी विरळ होत नाहीत. डिफ्यूजमध्ये पसरणं आणि विरणं एकदम घडतं: दाटीकडून विरळाकडे, कुणी न ढकलता. जमाव पांगतो, कागद विखुरतात, रंग कापडात भिनतो. यातलं एकही त्या जागी बसत नाही. मी बहुतेक वेळा 'विरत पसरणे' लिहिते. लेखनशैलीबद्दल 'डिफ्यूज' हाच शब्द विशेषण म्हणून आला, तर त्याचा उच्चार शेवटी 'स'चा होतो आणि आपल्याकडे त्याला 'पाल्हाळिक' हा नेमका शब्द तयार आहे.

'कुणी न ढकलता' हे महत्त्वाचं आहे. दाटीत जितका फरक जास्त तितका ओघ जास्त, हा नियम जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडला. पण एकेका रेणूला दिशा ठाऊक नसते, तो नुसता इकडेतिकडे धक्के खात असतो. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दाखवलं की अशा भटकंतीत अंतर दहापट हवं असेल तर वेळ शंभरपट लागतो. स्तब्ध पाण्यात एखाद्या लहान रेणूला एक मिलिमीटर सरकायला सात-आठ मिनिटं लागतात, एक सेंटिमीटरला जवळजवळ चौदा तास. म्हणूनच फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. आणि म्हणूनच अत्तराचं नेहमीचं उदाहरण मला खटकतं. बाटली उघडल्यावर मिनिटाभरात पलीकडच्या भिंतीपाशी वास येतो तो हवेच्या झुळकांमुळे. नुसत्या डिफ्यूजनवर सोडलं तर कित्येक तास लागतील. तिथे आपला 'दरवळणे' बरा, तो कारणाच्या भानगडीत पडत नाही.

पाठ्यपुस्तकात डिफ्यूजनला 'विसरण' म्हणतात. शब्द रास्त आहे, 'वि' आणि 'सृ' म्हणजे वेगवेगळीकडे सरकणं. पण आपलं रोजचं 'विसरणे' आलं 'स्मृ'पासून, आणि मराठीत येईतो दोघांचा चेहरा एक झाला. म्हणजे इंग्रजांच्या दोन फ्यूजांना हसायची सोय नाही. माझ्या एका भाषांतरात 'वायूंचे विसरण' होतं. मुद्रितशोधनातून ते परत आलं तेव्हा त्याचं 'वायूंचे विस्मरण' झालं होतं, आणि समासात नम्रपणे लिहिलं होतं: 'कर्ता स्पष्ट करावा.'