आईचं मनगट आणि हाडातलं पाडकाम

मागच्या पावसाळ्यात आई न्हाणीत घसरली, हात टेकला आणि मनगटच गेलं. खानापूरहून बेळगावला नेलं, प्लास्टर झालं, मग हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, त्यात टी-स्कोर उणे 2.9, म्हणजे हाडं ठिसूळ. आई म्हणाली, "जन्मभर नाचणीची भाकरी खाल्ली की रे, मग हाड ठिसूळ कसं?" प्रश्न बरोबरच होता, म्हणून मी वाचायला बसलो.

तर हाड रोज थोडं पाडलं जातं, थोडं बांधलं जातं. पाडणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, त्यांना तयार व्हायला रँकल नावाच्या प्रोटीनचा सिग्नल लागतो, आणि गंमत म्हणजे तो सिग्नल बांधणाऱ्यांच्या गोटातनंच येतो, वर त्याला अडवणारं ओपीजी नावाचं प्रोटीनपण तिथलंच! पाळी गेली, इस्ट्रोजेन उतरलं की रँकल वाढतं आणि पाडकाम जोरात सुरू. नाचणी म्हणजे विटा झाल्या, पण गवंड्यालाच निरोप नसला तर विटा काय करणार.

तो बांधायचा निरोप विंट नावाच्या वाटेनं जातो. हाडात गाडून बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रोटीन सोडून ती वाट अडवतात, पण हाडावर भार पडला की स्क्लेरोस्टिन कमी होतं, म्हणून डॉक्टर चाला चाला म्हणतात.

रँकल अडवणारं डेनोसुमॅब नावाचं औषध सहा महिन्यातनं एकदा टोचतात. ते मधेच सोडलं तर हाड झपाट्यानं उतरतं, मणकेसुद्धा मोडू शकतात, आणि हे आम्हाला कुणी धड सांगितलंच नव्हतं!

आई आता रोज संध्याकाळी मलप्रभेकडं फिरायला जाते. स्क्लेरोस्टिनचं तिनं सरोजिनी करून टाकलंय, कुठं चाललीस विचारलं की म्हणते, "त्या सरोजिनीला गप्प करायला."