हिल ६०, नोंद ४ : खिळे उपटले

गेल्या नोंदीत माझ्या पहिल्या महायुद्धाच्या डायोरामातल्या (छोट्या देखाव्यातल्या) बोगद्याच्या लाकडी चौकटी कौतुकाने दाखवल्या होत्या. रविवारी त्या सगळ्या उपटून काढल्या. अठ्ठावीस चौकटी, दोन आठवड्यांचं काम. चूक माझीच. आइस्क्रीमच्या काड्या जोडून प्रत्येक सांध्यावर तारेचं टोक टोचलं होतं, खिळ्याचं डोकं म्हणून, आणि वर गंजाचा रंगही दिला होता. दिसत होतं झकास. पण बेल्जियममधल्या ईप्रजवळच्या त्या चिकणमातीत ब्रिटिश बोगदेवाले चौकटीला खिळा मारतच नसत. हातोडीचा आवाज थेट जर्मनांच्या कानावर जायचा. खाली उंबरा, बाजूला दोन खांब, वर आडवी फळी, सगळं खाचेत बसवायचं आणि सोडून द्यायचं. माती फुगते आणि चौकट आवळून धरते.

नव्यांसाठी थोडक्यात: १:३५ स्केलचा डायोरामा, बेल्जियम, १९१७ चा वसंत. हिल ६० ला टेकडी म्हणायचं एवढंच. रेल्वेमार्ग खणताना निघालेल्या मातीचा तो ढीग. पण सपाट मुलखात समुद्रसपाटीपासून साठ मीटर उंचीवरूनही सगळं दिसतं, म्हणून त्याच्यापायी इतकी माणसं गेली. बोगदा खणून जर्मनांच्या खाली पेरलेला मुख्य सुरुंग सुमारे ९० फूट खोल होता. स्केलमध्ये ते पाऊण मीटरच्या वर जातं आणि माझ्या कपाटाचा कप्पा चाळीस सेंटिमीटरचा. तेव्हा वरचा खंदक आणि खालचा बोगदा असे दोन वेगळे खोके करतोय.

खालच्या खोक्यानेच जीव काढलाय. बोगदा साधारण सव्वाचार फूट उंच, सव्वादोन फूट रुंद. म्हणजे माझ्याकडे ३७ मिलिमीटर उंची आणि जेमतेम २० रुंदी. त्यात तिरप्या फळीवर रेललेला माणूस, पाय पुढे, दोन्ही पायांनी लांबट फावडं मातीत ढकलतोय. मँचेस्टरची गटारं खणणाऱ्यांची ही पद्धत ब्रिटिश ठेकेदार नॉर्टन-ग्रिफिथ्सने १९१५ मध्ये आघाडीवर आणली. कुदळीपेक्षा वेग जास्त, आवाज जवळजवळ नाही. अशी फिगर तयार मिळाली नाही, म्हणून ट्रकच्या ड्रायव्हरचे पाय गुडघ्यात कापून पुट्टीने पुन्हा बसवले. चार वेळा डोकं छताला आपटलं. पाचव्यांदा हेल्मेट काढून टाकलं. तसंही ते तिथे कोण घालणार!

मित्राने विचारलं, यात आपलं काय? २० डिसेंबर १९१४ ला फ्रान्समधल्या जिवांशीजवळ जर्मनांनी दहा छोटे सुरुंग उडवले, ते सरहिंद ब्रिगेडच्या हिंदी सैनिकांखाली. त्यानंतरच ब्रिटिशांनी बोगद्यांच्या स्वतंत्र कंपन्या उभ्या करायची घाई केली. माझ्यासाठी हा विषय तिथून सुरू झाला.

आता मातीचा रंग. खोलवरची चिकणमाती निळसर करडी. माझा पहिला हात गणपतीच्या मखरासारखा निळा आला. मग करडा वाढवला, चिमूटभर तपकिरी घातला, आणि फावड्याने नुकत्याच कापलेल्या पृष्ठावरच सॅटिन वार्निश दिलं. ओली चकाकी तिथेच हवी, जुन्या भिंती मॅट. हाच रंग वरच्या खोक्यात मात्र कुठेही दिसता कामा नये. निळी माती उघड्यावर पडली की विमानातून कळायचं, खाली खोल काहीतरी चाललंय. म्हणून ती पोत्यांत भरून मागे नेऊन लपवत. पुट्टीची चाळीस पोती झालीत, सगळ्यांची तोंडं बांधलेली. एकाच्या शिवणीतून निळा ठिपका डोकावत होता, तो ब्रशने झाकला.

कापूस लावून स्फोट दाखव, असं दोघांनी सुचवलं. नाही. ७ जून १९१७ ला पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी ऑस्ट्रेलियन कॅप्टन वुडवर्डने इथला स्विच दाबला. त्या पहाटे मेसिनच्या लांबट उंचवट्यावर, ज्याच्या टोकाजवळ हिल ६० आहे, एकूण १९ सुरुंग उडाले. माझा प्रसंग त्याच्या काही आठवडे आधीचा, जिथे एक जण भिंतीला जिओफोन (जमिनीतले आवाज ऐकायचं यंत्र) लावून ऐकतोय आणि बाकीच्यांनी हात थांबवलेत.

विषारी वायू कळावा म्हणून बोगद्यात नेत त्या कॅनरी पक्ष्याचा पिंजरा जुन्या इअरफोनच्या तारेतून निघाला. पक्षी चार मिलिमीटरचा. पिवळा रंग सुकायच्या आत तो गालिच्यावर पडला आणि अजून सापडलेला नाही.