पिचकारी लावताय? जागा बघून लावा

आमच्या दापोलीकडे फुललेलं पिचकारीचं झाड (आफ्रिकन ट्यूलिप) बघितलं की कोणीतरी रोप मागतंच, झाड मूळचं घाना-काँगोकडच्या जंगलातलं पण आपल्या पावसात झपाट्याने वाढतं, केशरी-लाल फुलं तर काय सुंदर, आणि कळी दाबली की पाणी उडतं म्हणून पोरं पण खूश. पण घराला किंवा विजेच्या तारांना लागून लावू नका हं, लाकूड मऊ असतं, फांद्या पटकन मोडतात, २०२० चं निसर्ग वादळ आठवतंय ना? सरपणालाही कामाचं नाही, तिकडे आफ्रिकेत त्याचे ढोल करतात. बिया पंखवाल्या, वाऱ्यावर कुठेही जातात, फिजी-हवाईत जंगलात घुसलंय हे झाड, त्यामुळे देवराईजवळ तर नकोच. मला मनापासून आवडतं म्हणूनच सांगते, मोकळ्या आवारात एकच लावा आणि हात पोचतो तोवर शेंगा तडकायच्या आत काढत जा.