गच्चीवरची पोरं आणि ती आडवी रेघ

रात्रीचे साडेअकरा. खालच्या खोलीतली लाईट आत्ता बंद झाली. आज वर्कशॉप बंद होतं, दिवसभर घरीच होतो, आणि दुपारी जे झालं ते उद्यापर्यंत डोक्यातून निसटेल म्हणून आजच लिहून ठेवतोय.

पोरीची दहावी. सायन्स एकचा पेपर आठ दिवसांवर आलाय. चाळीस मार्कांचा पेपर, दोन तास, मग त्याच्यानंतर सायन्स दोन, तोही तेवढाच. प्रॅक्टिकलचे वीस आधीच झालेत. गेले दहा-बारा दिवस गल्लीतली आणि तिच्या वर्गातली मिळून सहा पोरं आमच्या गच्चीवर बसतात. वर पत्र्याचा आडोसा आहे, एक फळा आहे (माझ्या वर्कशॉपमधला जुना, ऑर्डरी लिहायचा), आणि पिण्याच्या पाण्याचा माठ. सुरवातीला मला वाटायचं की सहा पोरं एकत्र आली म्हणजे गप्पाच होणार. घरात तसं बोललोही होतो. ही म्हणाली, अहो चार दिवस बघा तरी, लगेच कशाला बोलताय. म्हणून चार दिवस जिन्यात उभा राहून नुसतं ऐकलं.

जे ऐकलं त्यानं माझं मत बदललं. पोरं भांडतात. भिंगाच्या गणितात यू ला, म्हणजे वस्तूच्या अंतराला, मायनस लावायचा का नाही यावर अर्धा तास भांडली, एकानं सांगितलं वस्तू डावीकडं म्हणजे मायनस, दुसरा म्हणाला मग प्रतिमा उजवीकडं आली तर प्लस, मग माझी पोरगी म्हणाली आभासी प्रतिमा असली तर काय रे, आणि सगळी गप्प, मग पुस्तक उघडून आकृती काढून त्यावर बाण मारून ठरवलं. एकटीनं बसली असती तर उत्तर बघून पुढं गेली असती, एवढं मला माझ्याच पोरीबद्दल नक्की माहितीय. आवर्तसारणीचं पण तसंच. न्यूलँड्सची अष्टकं एका पोरानं सा रे ग म म्हणून दाखवली, आठवं मूलद्रव्य आलं की परत सा, परत तोच गुण, आणि सगळ्यांनी ती गात गात पाठ केली. मेंडेलीव्हनं १८६९ ला ६३ मूलद्रव्यं मांडताना मधे रिकाम्या जागा सोडल्या आणि नंतर त्या जागी बसणारी मूलद्रव्यं खरंच सापडली, हे तर मला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. पट्ठ्यानं सरळ जागाच रिकामी ठेवली. हे मी जिन्यात उभा राहून ऐकलं आणि किती वेळ तिथंच थांबलो.

आता आजचं. या सहा जणांत एक मुलगी गगनबावडा रोडच्या गावची आहे. परीक्षेपुरती आमच्या गल्लीत मावशीकडं राहायला आलीय. गावाकडं त्यांचं गुऱ्हाळ आहे. पोरगी हुशार, पण बोलत नाही. बाकीची पोरं क्लासला जाणारी, त्यांच्या तोंडात पुस्तकातले शब्द तयार असतात, विशिष्ट अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन, पाण्याचं असंगत आचरण, धडाधड. ती नुसती वहीत लिहून घेते. मला रोज वाटायचं, हिला येत नसेल का? का येतंय पण शब्दच सापडत नाहीत?

आज दुपारी उष्णतेचा धडा चालला होता. फळ्यावर आलेख काढला होता, बर्फ वितळतो, पाणी तापतं, मग उकळतं. तिरकी रेघ, आडवी रेघ, परत तिरकी, परत आडवी. माझी पोरगी समजावत होती की बर्फ वितळताना तापमान शून्यावरच थांबतं, एका ग्रॅमला ८० कॅलरी लागतात, आणि पाण्याची वाफ होताना शंभरावरच थांबतं, तिथं ५४० कॅलरी. सगळ्यांनी माना हलवल्या. मग ती गावाकडची पोरगी पहिल्यांदा बोलली, आणि हळूच बोलली.

"म्हणजे उकळी आल्यावर जाळ किती बी घातला तरी तापायचं न्हाय?"

"नाही तापत. शंभरच."

"मग जाळ जातोय कुठं?"

एक पोरगं म्हणालं, अप्रकट उष्मा. ती म्हणाली, ते नाव झालं, पण जाळ जातोय कुठं? आणि तिथं सगळी अडकली. मी जिन्यात होतो, मला राहवलं नाही, वर गेलो आणि तिलाच विचारलं, तुला हे का विचारावंसं वाटलं बाळ?

मग ती सुटली. म्हणाली काका, मी लहानपणापासून कायलीजवळ, रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ बसतो. रस ओतला की पहिली उकळी लवकर येती, भेंडीचं पाणी घालतात, मळी वर येती ती काढतात, ते सगळं पटापट होतं. पण त्याच्यापुढं अडीच-तीन तास नुसती चिपाडं चुलवाणात घालत बसायचं. मी बाबांना विचारलं होतं, उकळलंय की, अजून का जाळताय? ते म्हणाले पाणी जायाचंय अजून. आणि काका, शेवटाला काय होतंय बघा, एवढा वेळ आरामात चाललेलं असतंय आणि शेवटच्या दहा मिनिटांत गुळव्या, म्हणजे गूळ करणारा माणूस, कुणाचं ऐकून घेत न्हाय, जाळ कमी करा म्हणून वरडतोय, कारण एक मिनिट उशीर झाला की करपलंच.

गच्चीवर कोण काही बोलेना. मग माझ्या पोरीनं खडू घेतला आणि फळ्यावरच्या त्या आडव्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, अगं तुझे अडीच तास म्हणजे ही रेघ! जाळ पाण्याला वाफ करायला जातोय, तापमान वाढवायला उरतच नाही. आणि रेघ संपली, पाणी गेलं, की जाळ खायला पाणीच नाही, मग सगळा जाळ पाकाला, म्हणून तो धावत वर चढतो. चष्मेवाला पोरगा म्हणाला पण रसात साखर आहे, मग बरोबर शंभर नसणार, आणि जसजसा घट्ट होईल तसतसा आकडा वर सरकत जाणार. ती म्हणाली व्हय, थर्मामीटरवाला एक माणूस आला होता गुऱ्हाळावर, तो एकशे पंधराच्या वर गेल्यावर उतरवा म्हणाला होता.

मग यांनी हिशेब मांडला. रसात ढोबळमानानं शंभरात ऐंशी भाग पाणीच असतं. हजार किलो रस धरला तर ८०० किलो पाणी उडवायचं, प्रत्येक किलोला ५४० किलोकॅलरी, म्हणजे चार लाख बत्तीस हजार. आणि तोच रस तीस अंशावरून शंभरावर न्यायला, सगळा पाण्यासारखाच धरला तरी, सत्तर हजार. सहा पट! ती पोरगी ते आकडे बघतच राहिली. चिपाडाचा एवढा ढीग रोज कुठं जातो ते तिनं जन्मभर बघितलंय, आज तो ढीग फळ्यावर आकड्यात दिसला.

माझा मात्र विश्वास बसेना. म्हणजे गणितावर होता, पण मी लेथवर बावीस वर्षं काम केलेला माणूस, मोजल्याशिवाय मला पटत नाही. म्हटलं चला खाली. स्वयंपाकघरात पाव लिटर पाणी मोजून पातेल्यात घेतलं, गॅस लावला, मोबाईलवर टायमर. ही म्हणाली सिलिंडर संपत आलाय हो, पण स्वतःच ओट्याला टेकून उभी राहिली बघायला. उकळी आली तीन मिनिटं दहा सेकंदाला. मग तेवढ्याच आचेवर वाट बघत बसलो. पोरं दारात दाटीवाटीनं उभी, आणि तेवढ्या वेळात एकमेकांना प्रश्न विचारायला लागली, दवबिंदू तापमान म्हणजे काय, होपच्या उपकरणात खालचा थर्मामीटर चारला का थांबतो, रंकाळा काय गोठणार नाही पण थंड देशातल्या तळ्यातले मासे का मरत नाहीत. पाणी कोरडं व्हायला सव्वीस मिनिटं लागली. पातेलं खाली उतरवलं तेव्हा पोरांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

लगेच भांडण. हिशेबानं साडेसात पट यायला पाहिजे होतं (२८ अंशाचं पाणी, म्हणजे ७२ कॅलरी विरुद्ध ५४०), आपलं तर आठाच्या वर आलं. मग चष्मेवाला म्हणाला गरम पातेलं बाहेर हवेला पण उष्णता देतंय की, ती कुठं धरलीय आपण? उकळत असताना तर पूर्ण वेळ देतंय. मला हे फार आवडलं. आकडा चुकला म्हणून सोडून दिलं नाही, कुठं गेला ते शोधलं. आमच्या कामात पण हेच असतं, जॉब दोन सूत मोठा आला तर का आला ते बघायचं.

मी स्वतः दहावीला सायन्समध्ये नापास झालो होतो. हे पोरीला माहितीय, पण त्याच्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. आमच्या वेळी सांगितलं जायचं की व्याख्या पाठ करा, शब्दाला शब्द आला पाहिजे. मी पाठ केल्या. पेपरात प्रश्न फिरवून आला आणि मला कळलंच नाही की हे तेच आहे. मग वडिलांनी उद्यमनगरात ओळखीच्या माणसाकडं लेथवर लावलं, काम शिकलो, ते काम मला आवडतं आणि त्याचं दुःख नाही. पण आज त्या पोरीनं "ते नाव झालं, पण जाळ जातोय कुठं" असं म्हटल्यावर माझ्या छातीत काहीतरी हललं. हाच प्रश्न मला सोळाव्या वर्षी पडायचा आणि मी तो विचारला नाही, कारण नाव पाठ झालं होतं. आणि शेजारी विचारायला असं कोणी बसलेलं नव्हतं, मी एकटाच माळ्यावर कंदील लावून बसायचो.

आमचे आजोबा मात्र बोर्डिंगात राहून शिकले. आमच्या कोल्हापुरात ते नवीन नाही, शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेक बोर्डिंग उभं करायला सुरवात केली, दसरा चौकात आजही त्या इमारती उभ्या आहेत. आजोबा सांगायचे, एका दिव्याखाली आठ जण बसायचो, ज्याला गणित येतं तो गणित सांगायचा, ज्याला इंग्रजी येतं तो इंग्रजी. खेड्यातनं आलेली पोरं, कुणाकडं पुस्तक नाही, एकाच्या पुस्तकावर आठ जण. माझ्या वडिलांच्या वेळेपर्यंत ते सुटलं आणि माझ्या वेळी तर प्रत्येकाची वही झाकलेली. आज गच्चीवर बघताना आजोबांचा तो दिवा डोळ्यासमोर आला.

संध्याकाळी धातुविज्ञान झालं, तिथं मला बोलवलं. गॅल्व्हनायझिंग आणि विद्युत विलेपन यात फरक काय ते पुस्तकात दोन ओळीत आहे, मी वर्कशॉपमधले दोन बोल्ट नेऊन दाखवले, एक गरम जस्तात बुडवलेला, खडबडीत, एक प्लेटिंगचा, चकचकीत. पोरांनी हातात घेऊन नखानं खरडून बघितले. बॉक्साईट आलं तेव्हा सांगितलं की ते आपल्याच जिल्ह्यात सापडतं, राधानगरीच्या डोंगरावर. त्यांना वाटत होतं ते कुठंतरी लांब असतं. आणि त्यातनं ॲल्युमिनियम काढायला क्रायोलाईट का घालतात, तर वितळायचं तापमान दोन हजाराच्या वरून हजाराच्या आसपास खाली यावं म्हणून, हे मला त्यांनी सांगितलं. म्हणजे परत जाळाचाच हिशेब.

जेवणं झाल्यावर त्या पोरीनं गावाकडं फोन लावला. तिचे चुलते गुळव्या आहेत, हंगाम चालू आहे, गुऱ्हाळावरच होते. तिनं स्पीकर लावला आणि विचारलं, नाना, पाणी संपलं हे तुमाला कसं कळतंय? ते म्हणाले, पाकाची गोळी बघतो की पाण्यात टाकून. ती म्हणाली त्याच्या आधी, गोळी कधी बघायची ते कसं कळतंय? पलीकडं जरा वेळ नुसता चुलवाणाचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "आवाज बदलतोय पोरी. पाणी असतंय तवर खळखळ वाजतंय. पाणी सरलं की पाक जड वाजायला लागतोय, फदफद करतंय. मग मी उठतो."

सहाही पोरं फोनभोवती गप्प बसली होती. माझ्या पोरीनं वहीतल्या आलेखात आडवी रेघ जिथं संपते तिथं एक टिंब काढलं आणि शेजारी लिहिलं, आवाज बदलतो.

उद्या पाचला उठवायला सांगितलंय. आनुवंशिकता धरायची म्हणतात, त्या गावाकडच्या पोरीनंच सुरवात करायची असं ठरलंय. दूध एक लिटर जास्त सांगून आलोय.