मे महिन्यातले आल्प्स: मामाकडून निघून दोन रात्रींची फेरी

महाराष्ट्रातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी आणि आल्प्सचा हंगाम यांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही. ईस्टर उलटला की तिथलं स्कीइंग ओसरतं आणि उंचावरच्या पायवाटा जूनशिवाय नीट मोकळ्या होत नाहीत. मधल्या काळात रोपवेवाले दोर, खांब, ब्रेक तपासायला घेतात आणि बरेच हॉटेलवाले दाराला कुलूप लावून स्वतःच सुट्टीवर जातात. आपण नेमके तेव्हा पोचतो. माझा भाऊ म्युनिकला असतो. त्याच्याकडे जायचं ठरलं त्याच्याही आधी पोरांचं ‘बर्फ बघायचा’ हे ठरून गेलं होतं, म्हणून मी विमानाच्या तिकिटांअगोदर हे बंद-चालूचं वेळापत्रक उघडून बसले.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, जिथे जास्तीत जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. आमचा मुक्काम दादाकडे, त्यामुळे अर्ज जर्मनीचा. त्याच व्हिसावर ऑस्ट्रियात जाता येतं आणि स्वित्झर्लंडमध्येही. स्वित्झर्लंड युरोपियन संघात नसलं तरी 2008 पासून शेंगेनमध्ये आहे. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यासाठी अर्ध्या मुंबई-पुण्याची धाव असते, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट गाठलेली बरी. मोठ्यांची फी 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मी आणि त्याहून लहानांना माफ. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. कार्यक्रमाच्या कागदात डोंगरातल्या दोन रात्री मी वेगळ्या दाखवल्या, त्यांच्या बुकिंगसकट.

खरा वाद सुरू झाला तो ‘कुठे’ यावर. आल्प्स म्हणजे स्वित्झर्लंड, असं आमच्या घरातल्या पुरुषांचं ठाम मत. नवऱ्याला युंगफ्राउयोख हवं होतं, म्हणजे 3,454 मीटरवरचं ते रेल्वे स्टेशन. ते बारा महिने चालू असतं, त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. दादाला गाडी घेऊन फुर्का आणि ग्रिम्सेल घाट चढायचे होते. पण हे घाट साधारण मेअखेर-जूनमध्ये बर्फ काढल्यावर उघडतात, त्यामुळे ती कल्पना तिथेच मिटली. राहिली रेल्वे. म्युनिकहून झुरिक, पुढे युंगफ्राउच्या वाटेवरचं इंटरलाकेन, म्हणजे गाड्या बदलत सहा तासांच्या आसपास, तेवढेच परत. बरोबर पाच वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघे धरून चालणारी आई. दोन रात्रींच्या फेरीतला जवळजवळ एक अख्खा दिवस डब्यात जाणार. माझ्या मते स्वित्झर्लंडला जावं तर चांगलं आठवडाभर जावं. ‘पाय लावून आलो’ म्हणण्यापुरतं जाण्यात खिसा तेवढा रिकामा होतो.

मी जर्मनीतलंच डोंगरातलं एक गाव काढलं, गार्मिश-पार्टेनकिर्शेन. म्युनिक स्टेशनवरून साध्या लोकल गाडीने सव्वा-दीड तास. जर्मनीतला सर्वांत उंच डोंगर, 2,962 मीटरचा त्सुगश्पिट्झ, तिथेच आहे आणि त्याच्या खांद्यावरच्या पठारावर मेच्या सुरुवातीला हमखास बर्फ असतो. शिवाय तिथे वर जायच्या वाटा दोन. आयब्झे तलावापासून रोपवे जातो. 2017 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या रोपवेला मध्ये एकच खांब आहे आणि तो 1,945 मीटर चढ दहाएक मिनिटांत संपवतो. दुसरी वाट 1930 पासून चालू असलेल्या दातेरी रुळांच्या गाडीची. ती डोंगराच्या पोटातून पठारावर पोचते आणि तिथून छोट्या रोपवेने शिखर गाठता येतं. आयब्झेचा रोपवे वसंतात काही दिवस तपासणीसाठी बंद ठेवतात, पण तेव्हाही गाडी चालू असते. दोन वाटा असल्या की एक अडली तरी सहल बुडत नाही. मला गार्मिश पसंत पडलं ते यामुळेच. तरी आम्ही तारखा रोपवे पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या धरल्या, कारण आईला वर रेल्वेने न्यायचं आणि खाली रोपवेने आणायचं होतं. एकाच तिकिटात दोन्ही होतं.

1 मे मुद्दाम टाळला. आपला महाराष्ट्र दिन, पण तिकडेही सुट्टी. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, गावोगावी मे महिन्याचा उंच खांब उभारतात आणि हवा बरी असली तर अर्धं म्युनिक डोंगराकडे निघतं. आम्ही मधल्या वारांची जोडी घेतली. त्यात एक अट होती: बायर्न तिकीट. बव्हेरियातल्या साध्या गाड्यांचं हे दिवसभराचं तिकीट पाच मोठ्यांपर्यंत एकत्र काढता येतं आणि माणसं वाढतील तसं दर माणशी स्वस्त पडतं. आमची दोन्ही पोरं त्यात फुकट. मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच लागू होतं आणि जलद आंतरशहरी गाड्यांमध्ये चालत नाही. दादा इतकी वर्षं तिथे राहून स्वतःच्या कारनेच फिरलेला. “अगं, नऊनंतर निघून काय बघणार?” म्हणाला. दिवस मोठा असतो म्हटलं, रात्री साडेआठपर्यंत उजेड आहे.

डोंगरावरच्या गाडीला हे तिकीट चालत नाही. तिचं वेगळं काढावं लागतं आणि ते महागच आहे. म्हणून ते आधी काढून ठेवलं नाही. त्सुगश्पिट्झवरचे कॅमेरे इंटरनेटवर चोवीस तास चित्र दाखवतात. गावात ऊन असलं तरी वर ढग असू शकतात आणि कधी याच्या उलटही होतं. दोनपैकी ज्या सकाळी कॅमेऱ्यात शिखर दिसेल त्या सकाळी वर, दुसरा दिवस खालचा, असं ठरवलं. आईचा प्रश्न सरळ होता: “एवढे पैसे मोजून ढगातच बसायचं असेल तर महाबळेश्वर काय वाईट होतं?” त्याला उत्तर म्हणजे हा कॅमेरा.

आईसाठी पुण्यातच डॉक्टरांना विचारून घेतलं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि जवळपास तीन हजार मीटर ही उंची थोडी नाही. त्यांनी हरकत घेतली नाही, फक्त वर घाई करू नका, पाणी प्या आणि धाप लागली तर लगेच खाली या, असं बजावलं. गाडीने हळूहळू चढायचं त्यामुळेच पक्कं झालं.

राहायला हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं, तळमजल्यावरचं. अशा गावांत दर रात्री माणशी एक छोटा कर घेतात आणि बदल्यात पाहुण्यांचं कार्ड देतात. गावातल्या बसला ते चालतं, मागून घ्यायला विसरू नका. खाण्याचं सामान पुण्याहून नेलं: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. पेढे आणि साजूक तूप मात्र घरीच ठेवलं. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपियन संघात आणायला बंदी आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. वहिनीने तिथल्याच लोण्याचं तूप कढवून ठेवलं होतं. दुसरं लक्षात ठेवायचं ते रविवारचं. त्या दिवशी किराणा दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांतली दुकानं काय ती उघडी सापडतात.

कपड्यांचा घोळ फार घालू नये. खाली दुपारी स्वेटरही नको होतो, वर गोठणबिंदूच्या खाली. एकावर एक घालायचे पातळ थर, जलरोधक बूट आणि गॉगल. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना फार लागतं, म्हणून पोरांचे गॉगल मी स्वतःच्या पिशवीत ठेवले. जर्मन लोक 11 ते 15 मे या दिवसांना ‘आइसहायलिगे’, म्हणजे बर्फाचे संत म्हणतात. तोवर रात्रीची थंडी अचानक परतू शकते आणि जुने बागवाले त्यापूर्वी नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत. आमच्या तारखा त्यांच्या अलीकडच्या होत्या, त्यामुळे लोकरीच्या टोप्या सामानातून काढल्या नाहीत.

पहिल्या सकाळी कॅमेऱ्यात नुसतं पांढरं. मग खालचा दिवस. पार्टनाख घळ ‘उघडी असली तर’ याच यादीत ठेवली होती. सातशे मीटर लांबीची ही घळ बर्फ वितळताना दगड सुटतात म्हणून वसंतात बरेचदा बंद ठेवतात, तशी ती बंदच होती. आम्ही मिटेनवाल्डला गेलो, गार्मिशहून वीसेक मिनिटांवर. भिंतींवर संतांची चित्रं रंगवलेली घरं आणि सतराव्या शतकापासून व्हायोलिन बनवणारं गाव. व्हायोलिनचं संग्रहालय आईला आवडलं, पोरांना गावाबाहेरची उंचवट्यांची कुरणं. निळी जेन्शियन तिथे नुकती फुलत होती.

दुसऱ्या सकाळी शिखर स्वच्छ दिसलं आणि सगळे पळाले. वर ऑस्ट्रियाची सीमा शिखरावरूनच जाते, गच्चीवर चालता चालता देश बदलतो. मुलीने चारपाच वेळा बदलून घेतला. पठारावर घसरगाड्या भाड्याने मिळाल्या. धाकट्याला तासाभराने ओढून आणावं लागलं. आई पूर्ण वेळ काचेच्या आत उन्हात बसून होती, बाहेर यायचं नाव नाही. उतरताना रोपवेत सगळ्यांचे कान दुखले, गोळ्या चघळायला दिल्या. खाली आयब्झेच्या काठाने थोडंसंच चाललो. पूर्ण फेरी सात-साडेसात किलोमीटरची आहे, ती आईच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. दादा आणि नवरा पुढे निघून गेले, आम्ही बाकावर बसून मेतकूट-पाव संपवला.

जून-जुलैत जाणाऱ्यांना यातलं निम्मं लागू नाही. तेव्हा रोपवे चालू, घळ बहुधा उघडी, घाटही मोकळे. गर्दी आणि भाडं मात्र चढलेलं असतं. मेमध्ये आम्हाला ते घर हंगामाच्या मानाने खूपच स्वस्त मिळालं, आणि नवऱ्याने त्याच बचतीवर बोट ठेवून पुढच्या खेपेला आठवडाभर स्वित्झर्लंड मागून घेतलंय.