दर मंगळवारचा मेसेज

काल दुपारी दुकानात एक ताई आल्या, पिशवीतून पैठणी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "तुमचा मेसेज दर मंगळवारी येतो हो, दोन वर्षं नुसता वाचतेय, आता मुलीचं ठरलं म्हणून आले." आधी एकदाच आल्या होत्या, फॉल-पिकोला, तेव्हा नंबर घेतलेला. आता पाच ब्लाऊजची ऑर्डर देऊन गेल्या. रात्री घरी आल्यावर ठरवलं की हे लिहायचंच, कारण ओळखीतले छोटे दुकानदार नेहमी विचारतात, जाहिरातीचा काही उपयोग होतो का गं खरंच?

होतो. पण मी आधी जशी केली तशी नाही.

ठाण्यात नौपाड्यात आमचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, दोन मशीन, एक मास्तर, आणि हुक-हातशिलाईला एक मावशी. पहिल्या दिवाळीला मी चाळीस हजार एकदम घातले, दहा हजार पॅम्प्लेट छापली, रिक्षांच्या मागे बॅनर, केबलवर खाली पट्टी, पार कासारवडवलीपासून कळव्यापर्यंत. तेव्हा साधी गोष्ट लक्षात आली नाही की ब्लाऊजसाठी बाईला तीन फेऱ्या माराव्या लागतात, एक माप द्यायला, एक ट्रायलला, एक न्यायला. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून ब्लाऊजसाठी तीनदा नौपाड्यात कोण येणार? आणि पॅम्प्लेट वाटायचं काम ज्याला दिलं होतं त्याने सगळी वाटलीसुद्धा नाहीत, दोन महिन्यांनी एका सोसायटीच्या वॉचमननी जिन्याखालचा गठ्ठा दाखवला, रबरबँडसकट तसाच. चीड आली, रडूही आलं.

पण त्याहून वाईट वेगळंच झालं. ज्या आल्या त्या सगळ्या एकाच आठवड्यात आल्या, सत्तरेक ब्लाऊज. अस्तराचं ब्लाऊज मास्तर दिवसाला पाच, फार तर सहा काढतात, त्याच्यावर गेलं की बाही चढते आणि गळा ओढला जातो. मी कोणालाच नाही म्हटलं नाही. अकरा जणींना वेळेत देता आलं नाही, एकीची भाऊबीज जुन्या ब्लाऊजवर झाली, ती परत आली नाही आणि तिच्या बिल्डिंगमधूनही कोणी आलं नाही. नंतर महाशिवरात्रीपर्यंत मशीन जवळजवळ बंद, कारण पैसे संपले होते आणि जाहिरातही संपली होती.

तेव्हापासून ऑर्डरच्या वहीत एक कॉलम वाढवला, "कुठून कळलं". प्रत्येकीला विचारायचं आणि लिहायचं, बास. वर्षाने मोजलं तर बहुतेक जणी चरई, घंटाळी, पाचपाखाडी, उथळसर इथल्याच, म्हणजे चालत येणाऱ्या. मग खर्च तिथेच करायचा ठरवलं. महिन्याला तीन हजार, पण दर महिन्याला, चुकवायचं नाही. त्यात चार-पाच गल्ल्यांच्या पेपरवाल्याकडून पाचशे पॅम्प्लेट, रंग तोच, मागच्या गळ्याचा फोटो तोच. फेसबुक-इन्स्टावर दुकानापासून तीनेक किलोमीटरच्या आतच दिसेल अशी छोटी जाहिरात. गुगल मॅपवर वेळ, फोटो अपडेट ठेवायचे, ह्याला तर पैसेही पडत नाहीत. आणि खांबांवर, भिंतींवर पोस्टर चिकटवू नका, विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा १९९५ पासून आहे, आणि आपलंच गाव घाण होतं ते वेगळं.

व्हॉट्सॲपचं एक सांगते, खूप जणांना माहीत नसतं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणंच बसतात आणि समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज पोचतच नाही. म्हणून ब्लाऊज हातात देतानाच म्हणायचं, "ताई, नंबर सेव्ह करता का, मंगळवारी एकच मेसेज टाकते." एकच म्हटलं की एकच. रोज गुड मॉर्निंग पाठवलं की बाई ब्लॉक करते, आणि तिचं बरोबरच आहे.

वेळ कधीची धरायची हे सगळ्यात महत्त्वाचं, इथेच मी सगळ्यात जास्त शिकले. पितृपक्षात कोणी खरेदी करत नाही म्हणून आजूबाजूचे सगळे गप्प बसतात, मीही बसायचे. पण घटस्थापना त्याच्या लगेच मागे, आणि आपल्याकडे नवरात्रात ऑफिसला नऊ दिवस नऊ रंग! साड्या कपाटात असतात, ब्लाऊज घट्ट झालेलं असतं. त्यामुळे गणपती गेले की माझा मेसेज जातो, "साडी नवी नको, ब्लाऊज आधी घालून बघा". अल्टरचं काम त्या पंधरवड्यात भरपूर येतं. तसंच तुळशीच्या लग्नाची वाट बघायची नाही, लग्नसराईचं दिवाळीच्या आधीच बोलायला लागायचं. आणि आठवड्याचा कोटा भरला की त्या आठवड्याची जाहिरात मी थांबवत नाही, फक्त तारीख पुढची लिहिते. थोडं थोडं काम वर्षभर येत राहिलं तर मास्तरांना पगार वेळेत देता येतो, आणि मास्तर टिकले तर शिवण टिकते, माझ्यासाठी सगळा हिशोब इथे येऊन थांबतो.

सासूबाई म्हणतात काम चांगलं असलं की लोक आपोआप येतात. त्यांच्या काळात येत असतील, वाडे-चाळी होत्या, एकीने सांगितलं की दहाजणींना कळायचं. आता नौपाड्यात दर दुसरी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला आहे, माझ्या पक्क्या गिऱ्हाइकांपैकी किती जणी भाड्याने लांब राहायला गेल्या, आणि अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर नवीन माणसं आली, त्यांना कोण सांगणार मी इथे आहे ते? विकोचंच बघा, पेंढारकरांनी १९५२ साली परळला छोट्या जागेत सुरू केलं, दारोदार फिरून विकलं, आणि जाहिरातीची चाल इतकी वर्षं ऐकवली की आमच्या घरी तीन पिढ्यांना पाठ आहे. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, पण चार गल्ल्यांपुरतं तेवढं सातत्य ठेवता येतं ना.

बाईला ब्लाऊजची गरज मी मेसेज टाकते त्या दिवशी नसते. मुलीचं ठरतं त्या दिवशी असते, आणि तो दिवस मला कधीच आधी कळणार नाही.

कालच्या ताईंचं माप मीच घेतलं, वहीत "कुठून कळलं" मध्ये लिहिलं "मंगळवार, दोन वर्षं". ट्रायलला पुढच्या गुरुवारी येतायत, विहीणबाईंना घेऊन.