अवाकाडो, जवसाचं तेल अन् ठेचा

भावाने नागपूरहून दोन अवाकाडो आणले होते. दगडासारखे टणक. तांदळाच्या डब्यात केळ्यांसोबत पुरून ठेवले, तेव्हा आज चौथ्या दिवशी कुठे अंगठा रुतला.

काकडी, टमाटर, कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर) चिरून घेतला. भूमध्य सागराकडच्या पद्धतीच्या सलाडात ऑलिव्ह तेल अन् फेटा चीज लागतं. आमच्या गावात ऑलिव्ह तेल मिळतं ते मेडिकलमध्ये, बाळाच्या मालिशचं! मग चमचाभर जवसाचं तेल, अन् फेटाऐवजी घरचं पनीर मीठ लावून. (तसंही फळ मुळात मेक्सिकोकडचं, त्या समुद्राचा किती मान ठेवायचा?) मधेच फोन आला, लिंबू पिळायचं राहिलं अन् फोडींच्या कडा तपकिरी पडल्या.

सासूबाईंनी एक फोड बोटाने दाबून पाहिली.
"हे काय व बाई, लोणी हाय का फळ?"
खाल्ली. काही बोलल्या नाहीत. उठल्या अन् ठेच्याची वाटी घेऊन आल्या.
"आता लागते काईतरी."

खरंच लागत होतं! दुसरा अवाकाडो सरळ ठेच्यातच कालवला, भाकरीसोबत संपला.

कोय मात्र त्यांनी फेकू दिली नाही. धुऊन परसात, लिंबाच्या आळ्याजवळ पुरली आहे.